हा आपला माणूस आहे का?

शेखर कुटे नेमकं काय काम करतो, हे त्याच्या बायकोलाही धड सांगता यायचं नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहेत,’ म्हणून ती विषय मिटवायची. सायखेड्याला त्याचा बाप चिमाजी त्याहून सुटसुटीत सांगायचा, ‘पोरगं नाशकाला हापिसात हाय.’ आणि ज्या संस्थेत तो कामाला होता तिथे विचारलं, तर लोक एकमेकांची तोंडं बघायचे. कुटे? कोण कुटे? मग काहीतरी बिघडायचं आणि त्याच कुटेच्या नावाने शिमगा सुरू व्हायचा.

काम तसं अवघड नव्हतं. संस्थेची शहराच्या एका बाजूला दोन कॉलेजं आणि मुख्य कचेरी, दुसऱ्या बाजूला दवाखाना, आणि मधे द्वारकेचा तो चौक, जिथे माणसाचं अर्धं आयुष्य सिग्नलला जातं. या सगळ्या इमारतींत कुठेही कुणी मशीनसमोर बसून आपलं नाव टाकलं की मशीन स्वतःच्या अकलेने काही ठरवत नसे. ते मागे गुपचूप चाललेल्या एका सर्व्हिसला विचारायचं, हा आपला माणूस आहे का? असला तर कुठल्या ग्रुपमधला? शिक्षक, हिशेब, नर्स, शिपाई? सर्व्हिस कचेरीतल्या मोठ्या सर्व्हरला विचारून यायची आणि उत्तर द्यायची. दर खेपेला एवढ्या लांब कोण जाणार, म्हणून मिळालेलं उत्तर काही वेळ लक्षात ठेवायची. ही सर्व्हिस चालू ठेवणं, पडली तर उठवणं, भलतंच काही धरून बसली तर तिची आठवण पुसून टाकणं, यावर शेखरचं घर चालत होतं.

हे सगळं त्याला शिकवलं रावजी बच्छावांनी. कळवणकडचे, कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, आणि सगळ्या संस्थेचे नाना. शेखर मुलाखतीला आला तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर त्याला आलं नव्हतं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. नाना बाकीच्या दोघांना म्हणाले, ‘याला येत नाही हे याला कळतंय. हाच घेऊ.’ तेव्हापासून शेखर नानांच्या पंखाखाली. नानांच्या डब्यात चतुराकाकूंची बाजरीची भाकरी आणि ठेचा असायचा, त्यातली अर्धी भाकरी न मागता शेखरच्या पुढ्यात यायची. त्याच्या लग्नाच्या बोलणीला चिमाजी गडबडला, तेव्हा वडीलधारे म्हणून नानाच बोलले होते. माणसाने एखाद्याचं किती खावं याला मर्यादा असते, पण शेखरने ती कधी मोजली नाही.

नानांचा धंद्यातला एकच मंत्र होता. मशीन ‘नाही’ म्हणालं तर माणसावर संशय घ्यायचा नाही. आधी आठवण पुसायची. त्यालाही कारण होतं. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून शहरात रस्ते असे खोदले जात होते, की कचेरी आणि दवाखाना यांच्यातली लाईन कधी तुटेल याचा नेम नव्हता. लाईन तुटलेली असताना सर्व्हिसला कुणी काही विचारलं, की तिला उत्तर मिळायचं नाही, आणि मग ती चांगल्या माणसालाही ‘नाही’ म्हणायची. एवढंच करून थांबली असती तर बरं. पण होकारासारखा ती नकारही लक्षात ठेवायची. लाईन जोडली गेली तरी हिचं आपलं तेच, नाही म्हणजे नाही. नाना तिला येडी म्हणायचे. आठवण पुसली की येडी ताळ्यावर यायची.

लाईनच्या याच त्रासापायी दवाखान्यातल्या मशीनची आठवण नाना आणि शेखरने मिळून दिवसभराची ठेवली होती. सकाळी एकदा होकार मिळाला की दवाखान्यात तो संध्याकाळपर्यंत टिकायचा, मधे लाईन तुटो की राहो. कारण तिथल्या काउंटरवर याच सर्व्हिसला विचारून ठरायचं, की आलेला पेशंट संस्थेच्या माणसाच्या घरचा आहे की बाहेरचा. घरचा असला तर उपचार फुकट. बाहेरचा असला तर सगळी रक्कम आधी काउंटरवर भरा, मग बोला; आणि ऑपरेशनची रक्कम पगारदार माणसाला एका दुपारीत उभी करता येण्यासारखी नसायची.

आता संस्थेची एक रीत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं समजणार नाही. इथे माणसाला काढायचं असलं तर त्याला आधी सांगत नसत. आधी त्याचं नाव सर्व्हरवरून काढायचं, मग पत्र द्यायचं. कुणी एका हिशेबनिसाने म्हणे कधीकाळी जाता जाता फायली उडवल्या होत्या, तेव्हापासून ही शहाणपणाची पद्धत पडली. सकाळी उज्वला मॅडमचा फोन यायचा. नोकरभरती आणि नोकरकपात दोन्ही त्यांच्याकडे, आणि दोन्ही त्या सारख्याच आवाजात करायच्या. शेखर नाव काढायचा, कचेरीतल्या मशीनची आठवण पुसायचा. थोड्या वेळाने तो माणूस बिचारा त्याच्याच दारात यायचा. ‘कुटे, माझं लॉगिन होत नाही हो.’ आणि शेखर सांगायचा, ‘सर्व्हरला प्रॉब्लेम आहे, बसा ना.’ माणूस बसायचा. कुणी पेपर वाचायचं, कुणी पंख्याखाली डुलकी काढायचं. हिशेब खात्यातल्या नवसाबाईंनी तर बसल्या बसल्या मुलीच्या निकालाचे पेढे त्याच्या हातावर ठेवले होते. शेखरने खाल्ले. मग मॅडमचा बोलावणारा फोन आला आणि नवसाबाई पदर सावरत केबिनकडे गेल्या, त्या परत काही या खोलीत आल्या नाहीत. पेढ्यांचा पुडा टेबलावर राहिला होता. तोही संपला.

शेखर वाईट माणूस होता का? मुळीच नाही. वाईट व्हायलाही अंगात थोडी धमक लागते. हा आपला सांगितलेलं करणारा.

त्या दिवशी मॅडमनी फोनवर न सांगता त्याला केबिनमध्येच बोलावलं. दार लावायला सांगितलं.

‘कुटे, बच्छावांचं आज करायचंय. जेवणाच्या सुट्टीआधी.’

शेखर उभाच राहिला. त्याला आधी वाक्य कळलं आणि मग बराच वेळाने अर्थ.

‘मॅडम, आज त्यांच्या मिसेसचं ऑपरेशन आहे. दुपारी. आपल्याच दवाखान्यात.’

‘माहितीये मला.’

‘मग उद्यावर ढकललं तर...’

‘उद्या काढलं तर लोक म्हणतील, काल बायको टेबलावर होती आणि आज नवऱ्याला काढलं. आज काढलं तर ऑपरेशनच्या वेळी ते आपले नव्हतेच. पत्र उद्या देऊ. हे वर ठरलंय, माझ्या मनाचं नाही.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘बाहेरची कंपनी काम घेतेय. त्यांना इथला एकच माणूस लागणार आहे. तो तुम्ही असावा असं मी सुचवलंय. त्यांची खोली पण मोकळी होतेय. आणि हे बाहेर गेलं ना कुटे, तर एकाऐवजी दोन नावं काढावी लागतील.’

तेव्हा शेखरच्या मनात काय आलं हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आधी डब्यातली ती अर्धी भाकरी आठवली. आणि तिच्या मागोमाग नानांच्या खोलीतला एसी आठवला. दोन्ही खरं होतं, आणि दुसरं खरं असल्याची त्याला लाज वाटली, तीही खरीच होती. पण लाज वाटून कुणी काम थांबवल्याचं आजवर ऐकिवात नाही.

चतुराकाकूंच्या गर्भाशयात गाठ होती. ती पोसत चालली होती आणि रक्त जायचं थांबत नव्हतं. काकूंचा रंग पार उडाला होता. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर पुण्याहून अधूनमधून यायचे, आणि त्यांचा एकेक दिवस आधीपासून भरलेला असायचा. नानांनी दहा जणांचे पाय धरून आजची दुपार मिळवली होती. पहाटेच काकूंना ऍडमिट केलं होतं, काउंटरवर नानांचं नाव तपासून खाटही मिळाली होती. आता ऑपरेशनला आत नेण्याआधी एकदा परत नाव तपासून शिक्का बसणार, की झालं.

शेखर आपल्या मशीनसमोर येऊन बसला. रावजी बच्छाव हे नाव त्याने सर्व्हरवरून काढलं. सगळ्या ग्रुपमधून काढलं. कचेरीतल्या आणि कॉलेजातल्या मशीनची आठवण पुसली. मग दवाखान्याच्या मशीनशी त्याचा हात थांबला.

ते पुसलं नाही तर काय होईल? दवाखान्याला सकाळी मिळालेला होकार संध्याकाळपर्यंत आठवणार. दुपारी काउंटरवाली विचारेल, हा आपला माणूस आहे का, आणि सर्व्हिस म्हणेल, आहे. शिक्का बसेल. काकू आत जातील. संध्याकाळी आठवणीची मुदत संपेल तोवर गाठ बाहेर आलेली असेल. मॅडम विचारतील, सगळीकडून काढलं ना, तर तो म्हणेल, हो, सर्व्हरवरूनच काढलंय. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्याने दवाखान्याच्या मशीनला हात लावला नाही. आणि मग त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्याने चहा मागवला. आपण नानांसाठी केवढं मोठं काम केलं, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. कुणाला दुखवायचं नाही, काही गमवायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि पुण्य मात्र पदरात पाडून घ्यायचं, असा सौदा सगळ्यांनाच आवडतो.

चहा येण्याआधी नाना आले.

त्यांना खरं तर दवाखान्यातच असायला हवं होतं. पण अर्ध्या दिवसाची रजा इथल्या मशीनवरून स्वतःच्या नावानेच टाकावी लागायची, आणि न सांगता गैरहजर राहणं नानांना आयुष्यात जमलं नव्हतं. काकूंना ‘हा गेलो आणि हा आलो’ सांगून ते स्कूटरवर आले होते. केसांना तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट. दवाखान्यात जायचं म्हणून माणसं नीटनेटकी होतात तसे.

‘शेखऱ्या, माझं लॉगिन होईना रे.’

शेखरने पडद्याकडे बघत सांगितलं, ‘हो ना नाना. सर्व्हिस सकाळपासून अडकतेय. तुम्ही जा दवाखान्यात, काकू एकट्या असतील. तुमची रजा मी टाकतो.’

‘माझ्या नावाने तू कशी टाकशील? येडा का?’

‘बघतो मी काहीतरी. तुम्ही निघा, नाना.’

एवढ्या वेळात त्याला एकदा तरी सांगता आलं असतं. दार लावलेलं होतं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. ‘नाना, तुम्हाला काढलंय. पण दवाखान्यात संध्याकाळपर्यंत तुमचं नाव चालेल, गुपचूप काकूंचं उरकून घ्या.’ बस, एवढंच. नानांनी शिव्या दिल्या असत्या, कदाचित रडले असते, पण उरकून घेतलं असतं. पण शेखर पडद्याकडेच बघत राहिला. नानांचं तोंड त्या क्षणी कसं होईल ते त्याला बघायचं नव्हतं. उद्या पत्रातून कळू दे. पत्राला तोंड नसतं.

तेवढ्यात उज्वला मॅडमचा फोन आला. काम झाल्याच्या कागदावर सही करायला या म्हणाल्या. शेखर उठला. नाना दाराकडे निघालेच होते, म्हणून त्याने मशीनचा पडदा तसाच उघडा ठेवला. तसंही त्या खोलीत पडदा कुणी लॉक करत नसे. नानांसमोर पडदा लॉक करणं म्हणजे बाप घरात असताना कपाटाला कुलूप घालण्यासारखं होतं.

शेखर गेला आणि नाना दारातून परत फिरले. बिघाड समोर दिसतोय आणि नाना निघून गेले, असं कधी झालेलं नव्हतं. सुताराला हलणारं टेबल दिसल्यावर चैन पडत नाही, त्यातलाच प्रकार. ते शेखरच्या खुर्चीत बसले. सर्व्हिसला विचारलं, रावजी बच्छाव आपला माणूस आहे का? उत्तर आलं, असा कुणी नाही. शेखर कुटे? आहे. शिपाई मंगळू? आहे.

नाना स्वतःशीच हसले. त्यांच्या लेखी रोग सापडला होता. कुठेतरी रस्ता खोदला, लाईन तुटली, नेमकं त्याच वेळी माझं नाव विचारलं गेलं, ‘नाही’ उत्तर मिळालं आणि येडी तेच धरून बसली. त्यांनी कचेरीच्या मशीनची आठवण पुसली. आणि मग त्यांच्या मनात आलं, की इथे येडीने घोळ घातला तसा दवाखान्यातही घातला तर? आजच? चतुरा तिथे उपाशी पडलीय. शिक्क्याच्या वेळी काउंटरवर ‘नाही’ आलं तर ऐनवेळी धावपळ होईल. त्यापेक्षा आत्ताच पुसून ठेवू.

दवाखान्याचं मशीन त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. काळजीने पुसलं, दोनदा खात्री करून.

शेखर परत आला तेव्हा नाना खुर्चीतून उठत होते.

‘इथलं अजून नीट झालं नाही रे, मोठ्या सर्व्हरला काहीतरी झालं असेल, ते तू बघ. पण दवाखान्याचं मशीन साफ करून दिलंय मी. तिकडे आता काळजी नाही.’

शेखरच्या हातात अजून मॅडमचं पेन होतं. चुकून आणलेलं.

‘दवाखान्याचं?’

‘हो, म्हटलं आजच्या दिवशी रिस्क नको.’

‘बरं केलंत, नाना,’ शेखर म्हणाला.

हे तो का म्हणाला, त्याचं त्यालाच माहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांडा निदान तोंडाने ‘बरं केलंत’ म्हणत नाही. नाना त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. तो थांबेपर्यंत शेखर उभा होता, मग बसला.

अजूनही वेळ गेली नव्हती. नाव परत घालता आलं असतं. दुपारपुरतं घाला, काकू आत गेल्या की काढा. शेखरने ते पानही उघडलं. पण सर्व्हरवर नवीन नाव घातलं की उज्वला मॅडमला आपोआप मेल जायचा. ती सोयही नानांनीच करून दिली होती, कामात पारदर्शकता हवी म्हणून. मेल गेला की दोन मिनिटांत फोन, आणि फोननंतर दुसरं नाव. शेखर, वय सदतीस, घराचे हप्ते चालू. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली, काढली, परत ठेवली. चहा आला. त्याने पान बंद केलं आणि चहा प्यायला. चहावर साय धरली होती, ती त्याने बोटाने बाजूला केली.

जेवणाच्या सुट्टीनंतर नानांचा फोन आला.

‘शेखऱ्या, काउंटरवाली म्हणते माझं नाव येत नाही. काय झालं रे?’

‘होईल नाना. लाईनचं काम चालू आहे. थोडं थांबा.’

फोनमधूनच नानांचा आवाज आला, काउंटरवालीशी बोलताना. ‘आमचा पोरगा बसलाय तिथे, करतोय. होईल आत्ता.’

थोड्या वेळाने परत फोन. डॉक्टर आले होते. बाकीचे पेशंट आत जायला लागले होते. नाना म्हणाले, ‘मी त्यांना हातापाया पडून थांबवलंय. ही काल संध्याकाळपासून उपाशी आहे रे, पाण्याचा थेंब नाही पोटात. बघ ना जरा.’ शेखर म्हणाला, ‘बघतोय नाना, हातातच घेतलंय.’ हातात त्याच्या मोबाईल होता, दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या फोनला नाना फार कमी बोलले. डॉक्टरांनी दुसऱ्या बाईला आत घेतलं म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट समजावणीचा सूर होता, जणू शेखरच धावपळ करून दमलाय. ‘तू घाबरू नको. नीट कर. घाईत अजून बिघडेल.’

हे ऐकून मात्र शेखरला बसवेना. तो उठला, मोटारसायकल काढली आणि निघाला. काय करायला निघाला, हे त्याने ठरवलं नव्हतं. द्वारकेला नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं, द्राक्षाच्या क्रेट भरलेला एक टेम्पो आडवा झाला होता, आणि आडव्या झालेल्याला सरळ करायचं सोडून सगळे हॉर्न वाजवत होते. शेखर त्यात अडकून पडला आणि त्याला चक्क हायसं वाटलं. पोचायला उशीर होतोय, तो आपल्यामुळे नाही.

दवाखान्यात काउंटरपाशी छाया उभी होती, नाव तपासून शिक्का देणारी. तिने शेखरला ओळखलं आणि नजर चुकवली. नाना काउंटरच्या आतल्या बाजूला, तिच्या मशीनसमोर बसले होते. तिनेच त्यांना बसू दिलं होतं. पडद्यावर त्यांनी एकाखाली एक नावं विचारली होती. छाया? आहे. शेखर कुटे? आहे. दवाखान्याचा वॉचमन? आहे. रावजी बच्छाव? असा कुणी नाही.

नानांनी शेखरकडे बघितलं. ते बघणं शेखरला सकाळी टाळायचं होतं, ते आता समोर आलं.

‘आठवण मी सकाळी पुसली,’ नाना सावकाश बोलले. ‘मशीन कोरं होतं. लाईन चालू आहे, बाकी सगळ्यांना आहे म्हणतंय. म्हणजे हे ‘नाही’ जुनं नाही. ताजं आहे.’

शेखरने हातातली मोटारसायकलची किल्ली खिशात घातली.

‘कधी काढलंस?’

‘सकाळी. तुम्ही यायच्या आधी.’

‘आणि इथलं मशीन? इथलं तू पुसलं नव्हतंस.’

‘नाही, नाना.’

‘म्हणजे संध्याकाळपर्यंत इथे मी होतो.’

‘होतात.’

नानांनी मान हलवली. शिष्याचं गणित बरोबर आल्यावर हलवायचे तशी. मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. काउंटरसमोर रांग वाढली होती, मागचा माणूस ओरडायला लागला होता, छाया त्याला थांबा थांबा म्हणत होती.

‘एक शब्द बोलला असतास शेखऱ्या,’ नाना म्हणाले. ‘मी हात लावला नसता.’

त्यांनी शिवी दिली असती तर शेखरला घरी जाऊन झोप लागली असती. नानांनी तेवढीही मेहेरबानी केली नाही. ते उठले, खुर्ची छायाला मोकळी करून दिली, तिला ‘बाई, तुमचा वेळ घेतला’ म्हणाले आणि बाहेरच्या बाकाकडे गेले.

चतुराकाकू तिथे बसल्या होत्या. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, केसांच्या दोन वेण्या घातलेल्या, कपाळावर कुंकू नाही, हातात बांगड्या नाहीत. सकाळीच काढून घेतल्या होत्या. ओठ पांढरे पडून फुटले होते. नवऱ्याला बघून त्या उठायला लागल्या, त्यांना वाटलं बोलावणं आलं.

‘काय व्हयनं?’ त्यांनी घरच्या बोलीत विचारलं.

‘काही नई,’ नाना म्हणाले. ‘मशीन बिघडेल शे. चाल घर. मी तुना कपडा लई येस.’

ते तिचे कपडे आणायला वॉर्डाकडे निघून गेले. शेखर काकूंसमोर उभा राहिला. पळून जावं तर पाय निघेना, थांबावं तर तोंड कुठे ठेवावं कळेना. काकूंनी त्याला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

‘तू आलास का रे बाळा? हे म्हने, शेखर करतोय सगळं. लय धावपळ झाली ना तुझी?’

शेखरने मान खाली घातली.

‘मंग आता आज नाय व्हत ना ते?’

‘नाही, काकू.’

त्यांनी बाकावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं. सकाळपासून कुणी ती त्यांच्या हाताला लागू दिली नव्हती, आणि त्यांनीही मागितली नव्हती.

‘मंग पानी पिऊ का रे?’

शेखरने इकडे तिकडे बघितलं. सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. ‘प्या, काकू,’ तो म्हणाला, आणि झाकण उघडून बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि थांबत थांबत, धाप टाकत, तळापर्यंत प्यायल्या.